पाठ झाल्याशिवाय गिलावा नाही

टीव्ही भिंतीवर अडकवण्यासाठी मी चार भोकं पाडायला घेतली आणि त्यातलं तिसरं भोक थेट विजेच्या वायरीत पाडलं.

हे केलं तेव्हा मला चंद्रपुरातल्या एका कनिष्ठ महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवायला लागून अठरा वर्षं झाली होती. दर वर्षी दिवाळीच्या आधी मी फळ्यावर विद्युतमंडल काढत असे, बाण दाखवून प्रवाह कुठून कुठे जातो ते समजावत असे, आणि मागच्या बाकावरच्यांना कान धरून उभं करत असे. तीच सगळी विद्या लावून मी त्या दुपारी भिंतीपुढे स्टूल मांडला होता.

माझा तर्क असा. खिडकीच्या डावीकडे स्विचचा बोर्ड. उजवीकडे, जमिनीपासून हातभर उंचीवर, जुन्या टीव्हीचा प्लग. वायर बोर्डापासून प्लगपर्यंत गेलेली. दोन बिंदूंमधलं सर्वांत कमी अंतर म्हणजे सरळ रेषा. म्हणजे वायर खिडकीच्या खालून तिरपी गेली असणार, हे उघड होतं. नवा टीव्ही यायचा होता प्लगच्या बराच वर, माझ्या डोळ्यांच्या उंचीला. तिथे वायर असण्याचं शास्त्रीय कारणच नव्हतं.

खरं तर ही सगळी घाई एका सहकाऱ्याच्या घरी चहा प्यायल्यामुळे झाली. त्याच्याकडे तो नवा चपटा टीव्ही भिंतीवर असा टांगला होता की तसबीरच वाटावी. वायर नाही, प्लग नाही, काही नाही. मी तीन वेळा निरनिराळ्या निमित्तानं उठून टीव्हीच्या बाजूनं वाकून पाहिलं. त्याची बायको शेवटी म्हणाली, "सर, काही पडलं का तुमचं?" माझी बायको वरोऱ्याला माहेरी चार दिवसांसाठी गेली, तेव्हा मी ठरवलं की ती परत येण्याच्या आत आपल्या भिंतीवरही असाच टीव्ही झळकला पाहिजे.

तिसऱ्या भोकाला 'फट्' असा आवाज झाला. निळसर ठिणगी उडाली, पंखा मंदावत मंदावत थांबला आणि मी स्टुलावरून खाली, टीव्हीच्या रिकाम्या खोक्यात बसलो. ड्रिलचं टोक काळं पडून वितळलं होतं. ड्रिल शेजाऱ्यांचं होतं, हे मला सगळ्यांत आधी आठवलं. आपण जिवंत आहोत, हे त्यानंतर.

बायकोला फोन केला. मी जमेल तितक्या सहज आवाजात सांगितलं. ती ओरडली नाही. तिनं फक्त विचारलं, "कोणती भिंत?"

"हॉलची. खिडकीची."

"खिडकीच्या उजवीकडे?"

"हो."

ती शाळेत पाठ केलेली कविता म्हणावी तशी एका दमात म्हणाली, "बोर्डापासून सरळ वर. छताच्या खाली एक वीत. तिथून उजवीकडे, खिडकीच्या डोक्यावरून पार पलीकडे. मग सरळ खाली, प्लगपर्यंत." आणि पुढे, "अहो, बारा वर्षं झाली. तुम्हाला अजून पाठ नाही? मेन बंद करा आणि कशालाच हात लावू नका. मी मिस्त्रींना फोन करते."

मिस्त्रींचं नाव ऐकलं आणि मला पहिल्यांदा भीती वाटली. वायरीची वाटली नव्हती इतकी.

मिस्त्री म्हणजे आमच्या घराचे वायरमन. नव्वदीच्या दशकाच्या मधल्या वर्षांत आम्ही घर बांधलं तेव्हा त्यांनी सगळं फिटिंग केलं. अंगानं काडी, कानावर पेन्सिलीसारखा टेस्टर खोवलेला, आणि हातात एक कापडी पिशवी. त्या पिशवीत सगळ्यांत वर रबरी चपला. हा माणूस रस्त्यानं अनवाणी चालत यायचा. मे महिन्यातलं चंद्रपूर ज्यांनी पाहिलं आहे, त्यांना अनवाणी या शब्दाचा अर्थ मी समजावून सांगायला नको. आमच्या दारात मात्र ते थांबायचे, पिशवीतून चपला काढायचे, पायात घालायचे आणि मग उंबरा ओलांडायचे. सगळं जग दारात चपला काढतं. हे दारात घालत.

माझ्या आईनं पहिल्याच दिवशी त्यांना देवघराच्या दारात अडवलं. "काहो मिस्त्री, देवापाशी चपला घालून चालले?"

"आई, देवाले करंट लागत नाई. मले लागते."

"मंग रस्त्यानं काऊन घालत नाई?"

"रस्त्यात करंट कुठी आहे जी?"

आई दोन दिवस त्यांच्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी त्यांनी देवघरातला दिवा लावून दाखवला तेव्हा तिनं त्यांना चहा दिला, पण माघारी कायम 'चपलेवाला' म्हणत राहिली.

ते कुणाच्याही घरी गेले की बसायच्या आधी भिंतीवर बोटाच्या पेरानं टकटक करून पाहत. डॉक्टर छाती तपासतो तसं. कोणत्याही भिंतीला ते टेकत नसत. खुर्ची ओढून खोलीच्या मधोमध बसत. गावातली एकच भिंत त्यांना टेकण्यालायक वाटे, ती म्हणजे गावाभोवतीचा जुना परकोट. संध्याकाळी पठाणपुऱ्याकडून येताना मी त्यांना कितीदा तरी परकोटाच्या दगडाला पाठ लावून, डोळे मिटून उभं पाहिलं आहे. एकदा मी थांबलो तर म्हणाले, "टेका सर. या भितीत कोणी काई लपवलं नाई."

आमच्या शेजारच्या लग्नात त्यांनी मंगलाष्टकं सुरू व्हायच्या ऐन क्षणी मांडवाचा मेन खाली ओढला. अंगावर शेला घेतलेला नवरदेव, हातात अक्षता घेतलेले चारशे लोक, आणि लाऊडस्पीकर मुका. नवऱ्याचे मामा अंगावर धावून गेले. मिस्त्री कुणाकडे न पाहता मांडवाच्या कडेला उकिडवे बसले, ओल्या गवतात पडलेला वायरीचा उघडा जोड उचलला, टेप गुंडाळली, काठीवर बांधला, आणि उठून मेन वर केला. "आता लावा लग्न," म्हणाले. जेवायला मात्र थांबले नाहीत.

तर आमचं घर. वायर भिंतीत बुजवायची म्हणजे आधी छिन्नीनं भिंतीत चर खोदायचा, त्याला झिरी म्हणतात. झिरीत पाईप बसवायचा, पाईपात वायर, आणि वरून गिलावा. बाकीचे वायरमन झिरी जिथून जवळ पडेल तिथून मारत. मिस्त्री गवंड्यासारखा ओळंबा सोडत. गवंडी हसायचा, "वायरले ओळंबा कायले हो मिस्त्री? ती काय वाकून पाहणार आहे?" मिस्त्री दोऱ्याचं टोक स्थिर होईपर्यंत श्वास धरून उभे राहत. झिरी एकतर उभी नाहीतर आडवी. तिरपी नाहीच. खडूनं आखत, आणि तो खडू मी कॉलेजातून आणावा अशी त्यांची मागणी असे. "सर, तेवढं काम तुमाले जमते," म्हणत.

गिलावा दुसऱ्या दिवशी ठरला होता, तेव्हा त्यांनी घरातल्या सगळ्यांना हॉलमध्ये बोलावलं. भिंती उघड्या होत्या, झिऱ्यांतून पांढरे पाईप दिसत होते. मी मनात म्हटलं, काम दाखवून शाबासकी घेणार असेल. मिस्त्री म्हणाले, "पाहून घ्या. उद्या हे दिसणार नाई. वायर कुठून कुठी गेली ते एकेकानं पाठ करा अन् मले म्हणून दाखवा. पाठ झाल्याशिवाय गिलावा नाई."

मी हसलो. "अहो मिस्त्री, एक नकाशा काढून द्या ना. मी फाईलला लावतो."

"कागद हरपते सर. खिळा ठोकाची घाई झाली की फाईल कोण काढते?"

परीक्षेची पद्धत अशी: डोळे मिटायचे, तळहात भिंतीवर ठेवायचा आणि तोंडानं म्हणत म्हणत वायरीच्या वाटेनं चालत जायचं. वरची वाट नुसत्या बोटानं दाखवायची. आई पहिल्याच दिवशी पास झाली. तिनं प्रत्येक खोलीची वाट जात्यावरच्या गाण्याच्या चालीत बसवली होती आणि पुढे कित्येक महिने ती भाजी निवडता निवडता 'बोर्डावरून वर, वितीखाली थांब' असं गुणगुणत असे. बायकोनं दोन दिवस घेतले. मिस्त्रींनी तिला जास्तच तपासलं. स्वयंपाकघरातली भिंत तीनदा म्हणायला लावली.

मी काय केलं? मी तळहातावर पेनानं लिहून आणलं.

उन्हाळ्याचे दिवस, तळहाताला घाम. डोळे किलकिले करून मी 'वर' म्हणालो, मग जरा हात फिरवला, तर 'उजवीकडे' या शब्दाची शाई पसरून काळा डाग झालेला. मी अडखळलो. मिस्त्रींनी माझं मनगट धरलं, हात उलटा केला आणि बराच वेळ त्याकडे पाहत राहिले.

"सर," ते म्हणाले, "कॉपी?"

सहा वर्षं मी पोरांच्या चिठ्ठ्या पकडल्या होत्या. पकडलं जाणं कसं असतं ते त्या दिवशी कळलं. आई तोंडाला पदर लावून आत गेली. मिस्त्री मात्र हसले नाहीत. त्यांचा चेहरा इतका उतरला की मला वाटलं, नापास मी झालो आणि शिक्षा यांना झाली.

"सर नापास," ते म्हणाले. "आईच्या अन् बाईच्या भरवशावर भीत बुजवून राह्यलो. पण एक कबूल करा. घरी बाई नसल तेव्हा तुमी भितीले हात लावाचा नाई."

मी कबूल केलं. घर बांधताना माणूस काहीही कबूल करतो. गिलावा झाल्यावर वायर जिथे जिथे वळते तिथे त्यांनी गेरूचा एकेक ठिपका दिला होता. पुढच्याच दिवाळीत रंगारी आला तेव्हा तेही मी पुसून घेतले. नवी भिंत आणि तिला गोवर आल्यासारखे ठिपके, कसं दिसतं ते?

अजून एक सांगायचं राहिलं, आणि ते मी शक्य असतं तर टाळलं असतं.

फिटिंगचं थोडं काम पावसाळ्यापर्यंत लांबलं होतं आणि मिस्त्री दोन दिवस आले नाहीत, म्हणून मी त्यांच्या घरी गेलो. दोन खोल्या. आत गेल्या गेल्या मला गंमत वाटली, कारण गावभर वायरी लपवणाऱ्या या माणसाच्या घरी एकही वायर लपलेली नव्हती. सगळ्या वायरी लाकडी पट्ट्यांवरून, क्लिपा मारून, भिंतींवर उघड्या पळत होत्या, पण रेषेत, वहीतल्या ओळींसारख्या. कॅलेंडर नाही, आरसा नाही, देवाची तसबीरही नाही. सगळं फळीवर मांडलेलं. फक्त समोरच्या भिंतीत एक खिळा होता. तोही अर्धवट ठोकलेला, जरा वाकलेला, गंजलेला. मी अंगातला ओला रेनकोट काढला आणि त्या खिळ्याला अडकवला.

मिस्त्री जमिनीवर बसून वायर सोलत होते. त्यांचा हात थांबला. रेनकोटातून पाणी टपटप खाली पडत होतं. त्यांची मुलगी, तेव्हा डी.एड. करत होती, चहा घेऊन बाहेर आली. तिनं भिंतीकडे पाहिलं, चहा खाली ठेवला, रेनकोट काढला आणि बाहेर ओसरीतल्या दोरीवर टाकला. मग भिंत पदरानं पुसली. मला वाटलं, स्वच्छतेची आवड असेल. मी म्हणालो, "मिस्त्री, एवढा छान खिळा आहे, काहीतरी लावा त्याला."

"हो जी," ते म्हणाले. एवढंच.

दुसऱ्या दिवशी ते कामाला आले. अनवाणी, पिशवीत चपला.

आता परत त्या तिसऱ्या भोकाकडे येतो. बायकोच्या फोननंतर तासाभरानं ऑटो थांबला. आई तोवर राहिली नव्हती आणि मिस्त्री म्हातारे झाले होते. काम बरंच कमी केलं होतं. मुलगी धानोऱ्याकडे शाळेवर नोकरीला, रविवारी यायची. दारात त्यांनी भिंतीचा आधार न घेता, एका पायावर डगमगत, चपला घातल्या. मी हात पुढे केला तर नको म्हणाले.

भोक पाहिलं. ड्रिलचं टोक पाहिलं. मला वाटलं, आता झाडणार. त्यांनी विचारलं, "तुमी कशावर उभे होते?"

"स्टुलावर."

"लाकडाच्या?"

"हो."

"पाय ओले?"

"नाही."

"म्हंजे स्टुलानं वाचवलं तुमाले. बाई कुठी आहे?"

"वरोऱ्याला."

"घरी कोणी नव्हतं?"

"कोणी नाही, मिस्त्री."

"बाई खरंच वरोऱ्याले आहे?"

"हो. तिनंच तर तुम्हाला फोन केला."

ते फरशीवर बसले, खोलीच्या मधोमध. दोन्ही हात गुडघ्यांखाली दाबून धरले. मी पाणी आणलं. प्यायले नाहीत. माझी थट्टा करायची सवय अशी की गप्प बसवेना. मी म्हणालो, "मिस्त्री, माझा हिशोब चुकला. मला वाटलं, तुम्ही वायर जवळच्या वाटेनं, तिरपी टाकली असेल."

त्यांनी मान वर केली.

"टाकली होती," ते म्हणाले. "एकदा."

मग त्यांनी जे सांगितलं ते माझ्याकडे न पाहता, त्या भोकाकडे पाहून सांगितलं. लग्नाला तीन-चार वर्षं झालेली, मुलगी दोन वर्षांची. स्वतःच्या घरात स्वतःच्या हातानं पहिल्यांदा भिंतीत वायर टाकत होते. पाईप हातभर कमी पडला. बाजारात जायचा कंटाळा आला. आपलंच तर घर, कोण पाहतं, असं म्हणून त्यांनी झिरी तिरपी मारली. बायकोला काही सांगितलं नाही. तिनं विचारलंही नाही. वरून गिलावा झाला, चुना झाला, भिंत कशी छान दिसायला लागली.

"मंग मले वायरमनचा परवाना भेटला," ते म्हणाले. "फोटोवाला. सरकारी शिक्का. तिले लय आनंद झाला. माह्या माघारी बाजारातून फ्रेम करून आणली. मी कामावरून येईन तेव्हा भितीवर दिसली पायजे म्हणे. पावसाचे दिवस. भीत ओली, जमीन ओली. खिळा अर्धाच गेला होता सर."

बाहेर रस्त्यावरून कोळशाचा ट्रक गेला. खिडकीची काच हलली.

"पोट्टी दारात बसली होती. तिनं पाहिलं."

मला ओला रेनकोट आठवला. बारा वर्षांनी आठवला. त्यातून जमिनीवर पडणारं पाणी आठवलं, आणि 'काहीतरी लावा त्याला' हे माझं वाक्य. माझ्या आयुष्यात असे फार थोडे प्रसंग आहेत की मला बोलायला काही सुचलं नाही, आणि त्यांतल्या बहुतेक वेळी मी तरीही बोललो आहे. त्या दिवशी नाही बोललो.

थोड्या वेळानं तेच उठले. "चला. टीव्ही लावाचा आहे ना?"

"राहू द्या मिस्त्री. मी तो टेबलावर ठेवतो."

"काऊन? टीव्हीचा काई गुन्हा आहे?"

ते काम तीन दिवस चाललं. भोक पडलेल्या वायरीला नुसता जोड देता आला असता, पण "भितीत जोड नाई" म्हणून त्यांनी बोर्डापासून प्लगपर्यंतची सगळी वायर पाईपातून ओढून काढली आणि नवी, अखंड घातली. फुटलेला पाईप तेवढा बदलला. टीव्हीच्या मागे येईल अशा जागी प्लगची एक डबी भिंतीत खोल बसवली, म्हणजे प्लग बाहेर डोकावणार नाही आणि टीव्ही भिंतीला चिकटून बसेल. पण डबी मधोमध न घेता कडेला घेतली. "आभाळ गरजलं की प्लग काढाचा असते. टीव्हीच्या मागे हात गेला पायजे." आमच्याकडे वैशाखात वीज कशी कोसळते ते जंगलाकडच्या माणसाला सांगावं लागत नाही. केबलच्या वायरीसाठी वेगळा पाईप टाकला. करंट आणि केबल एका पाईपात त्यांनी घेतले नाहीत.

शेवटी टीव्हीच्या शेजारी, उघड्यावर, एक स्विच बसवायला निघाले.

"मिस्त्री, हा मागे नाही का घेता येणार? सगळं लपवलं आणि हा एकटा दिसतो."

"दिसू द्या," ते म्हणाले. "बंद कराची चीज लपवाची नसते."

तिसऱ्या दिवशी बायको आली. भिंत अजून उघडी होती. गवंडी कालवलेला माल घेऊन दारात उभा. मिस्त्रींनी त्याला थांबवलं आणि माझ्याकडे पाहिलं. मी दोन्ही तळहात उलटे करून दाखवले. कोरे होते.

डोळे मिटले, हात भिंतीवर ठेवला. पहिल्यांदा चुकलो, वीतभर सोडून हातभर म्हणालो. दुसऱ्यांदा नव्या डबीकडे वळायला विसरलो. बायको मागून काहीतरी पुटपुटत होती, तिला त्यांनी "बाई, सांगाचं नाई" म्हणून दटावलं. तिसऱ्यांदा मी सबंध वाट म्हटली. बोर्डापासून वर, वितीखाली उजवीकडे, खिडकीच्या डोक्यावरून, मग खाली, डबीपाशी थांबून, पुन्हा खाली. ओल्या मातीचा आणि सिमेंटचा वास येत होता आणि तळहाताखाली पाईप गार लागत होता.

"लाव माल," मिस्त्री गवंड्याला म्हणाले.

या वेळी वळणांवरचे गेरूचे ठिपके मी पुसले नाहीत. ते अजून आहेत. लोक विचारतात. टीव्ही मात्र तसबिरीसारखा दिसतो, एकही वायर दिसत नाही, आणि तो सहकारी चहाला आला तेव्हा बाजूनं वाकून पाहत होता, हे सांगायचा मोह मला आवरत नाही.

दोन वर्षांनी मिस्त्री गेले. झोपेत गेले. आम्ही दोघं भेटायला गेलो तेव्हा घरात पंधरा-वीस माणसं होती. त्यातली निम्मी आमच्यासारखी, ज्यांच्या भिंतींत त्यांनी वायरी घातल्या होत्या. एक म्हातारी बाई कोपऱ्यात हळू आवाजात आपल्या स्वयंपाकघराची वाट शेजारणीला म्हणून दाखवत होती. उघड्या वायरी पट्ट्यांवरून तशाच पळत होत्या.

मुलीनं पेटीतून एक फ्रेम काढली. कापडात गुंडाळलेली. परवाना. कोपऱ्यात तरुण मिस्त्री, केस चापून बसवलेले, छायाचित्रकारानं 'हसा' म्हटल्यावर न हसलेले. त्यांचा दुसरा फोटोच नव्हता. तिनं काच पुसली आणि ती भिंतींकडे पाहत उभी राहिली.

मला राहवलं नाही. काहीतरी करावं, या घरासाठी एकदा तरी काहीतरी नीट करावं, असं फार मनापासून वाटलं. मी उठलो.

"हातोडी कुठे आहे?" मी म्हणालो. "खिळा मी ठोकून देतो."

बायकोनं डोळे मिटून घेतले.

मुलगी माझ्याजवळून समोरच्या भिंतीकडे गेली. अर्ध्या ठोकलेल्या खिळ्याला तिनं फ्रेम अडकवली. ती जरा तिरपी झाली. तिनं दोन्ही हातांनी धरून सरळ केली, मागे सरून पाहिली, पुन्हा थोडी सरळ केली. मग माझ्याकडे वळली. डोळे भरलेले होते, पण आवाज अगदी बापाचा.

"बसा सर. बाबा सांगून गेले, सरच्या हाती खडू द्याचा. हातोडी नाई."